विटांचे इंग्लिश फार्महाऊस ठाण्याच्या पावसात कसे बांधावे

मुरबाड, शहापूर किंवा बदलापूरकडे जमीन घ्यायची आणि तिथे लाल विटांचे, उंच छपराचे, धुराड्याचे इंग्लिश घर बांधायचे, असे ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच जणांच्या मनात असते. आर्किटेक्टला फोटो दाखवला जातो, गवंड्याला ‘एक्स्पोज्ड ब्रिक’ (प्लास्टर नसलेली उघडी वीट) एवढेच सांगितले जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या रंगाला पोपडे येतात. दोष बहुधा विटेचा नसतो. हा नमुना इंग्लंडच्या ज्या पूर्व भागात फुलला तिथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिने थोडाथोडा. ठाण्यात चार महिन्यांत सुमारे २,५०० मिलिमीटर पडतो आणि नैऋत्येचा वारा तो भिंतीवर आडवा मारतो. म्हणून विटांची गुंफण, मापे आणि दारे-खिडक्यांचे प्रमाण तिथले घ्यावे. पाणी जिथे जिथे लागते ती जागा मात्र कोकणच्या रीतीने बांधावी.

आधी कोणत्या काळाचे घर हवे ते ठरवा

‘जुने इंग्लिश घर’ ही एकच गोष्ट नाही. सतराव्या शतकातल्या शेतघरात धुराडे घराच्या मधोमध असे. दार त्याच्या समोर, आत शिरल्यावर जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी जागा, आणि धुराड्याच्या दोन बाजूंना दोन खोल्या. भिंती नऊ किंवा साडेतेरा इंच जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या. ओल अडवणारा थर, म्हणजे डीपीसी, तेव्हा नव्हताच. वीट पातळ असे: १५७१ साली लंडनच्या कारागिरांना घालून दिलेले माप ९ × ४½ × २¼ इंच होते. पुढे १७८४ ते १८५० या काळात इंग्लंडात विटांवर कर होता आणि तो नगावर मोजला जाई. मग भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या भट्टीची वीट साधारण तीन इंच जाडीची मिळते. तिच्यात सतराव्या शतकातले, शिशाच्या पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेल्या काचांच्या खिडक्यांचे घर बांधले की ते नाटकाच्या नेपथ्यासारखे दिसते, कारण थरांची जाडी आणि खिडकीचा काळ जुळत नाही. तीन इंची वीट वापरायची असेल तर एकोणिसाव्या शतकातले शेतघर निवडा: सरळ समोरचा दर्शनी भाग, मधे दार, दोन्हीकडे उभट खिडक्या, त्यांवर विटांची बसकी कमान. नमुना सतराव्या शतकातलाच हवा असेल तर ५५ ते ६० मिलिमीटर जाडीची वीट खास पाडून घ्यावी लागते. त्यासाठी भट्टीवाल्याशी दिवाळीच्या सुमारास बोला. भट्ट्या मे अखेरीस बंद होतात आणि जूनमध्ये मिळते ती उरलीसुरली वीट.

वीट निवडताना

वीट पाहायला जाताना पट्टी, वजनकाटा आणि रिकामी बादली न्या. रंगाकडे नंतर पाहा, आधी माप घ्या. विटांची गुंफण नीट जुळायची तर विटेची लांबी = दोन रुंदी + एक सांधा हे गणित बसले पाहिजे. २३० × ११० × ७५ मिलिमीटरच्या विटेत ते बसते: ११० + ११० + १० = २३०. बाजारात पुष्कळदा मिळणारी वीट मात्र रुंदीला १०० मिलिमीटरच भरते. मग दोन विटांमध्ये ३० मिलिमीटरची फट पडते, गवंडी ती मसाल्याने बुजवतो आणि तीच पुढे पाण्याची वाट होते. प्लास्टरखाली हे झाकले जाते, उघड्या भिंतीत नाही. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून २० विटा काढून एका ओळीत लावा, लांबी ४.६० मीटरच्या आसपास आणि रुंदी २.२० मीटरच्या आसपास भरली पाहिजे. दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दुसरी भट्टी बघा.

पाणी शोषण्याची चाचणी घरीच होते. वीट पूर्ण वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकानुसार साध्या वर्गाच्या विटेला २० टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण उघड्या भिंतीसाठी १५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. म्हणजे तीन किलोची कोरडी वीट भिजून ३.४५ किलोपर्यंतच भरावी. क्षारांसाठी वीट उभी करून तिचे टोक २५ मिलिमीटर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा. पाणी सुकले की तेवढेच पुन्हा घाला आणि सुकू द्या. विटेवर पांढरी भुकटी दिसली तर ती भिंतीवरही दिसणार.

भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजल्या जात नाहीत. पिवळट, कच्ची वीट नखाने ओरखडते आणि दोन विटा आपटल्या तर खणखणत नाही. ती बाहेरच्या तोंडाला लावूच नका. जास्त भाजलेली, काळपट-निळसर वीट मात्र फेकू नका. इंग्लंडात अशाच जळक्या विटांची आडवी डोकी दर्शनी भिंतीत मांडून हिऱ्याच्या आकाराची नक्षी काढत. वाकडी नसेल तर ती पाणीही कमी पिते.

गुंफण

विटेची लांब बाजू दिसते ती स्ट्रेचर, आखूड बाजू दिसते ती हेडर. एक थर पूर्ण स्ट्रेचरचा, त्यावरचा पूर्ण हेडरचा, तो इंग्लिश बाँड. एकाच थरात स्ट्रेचर-हेडर-स्ट्रेचर असा क्रम, तो फ्लेमिश. फ्लेमिश बाँड इंग्लंडात ठळकपणे दिसतो तो लंडनजवळच्या क्यू पॅलेसपासून, १६३१ पासून. पुढे सधन शेतकरी दर्शनी भिंत फ्लेमिशमध्ये आणि बाजूच्या भिंती स्वस्त बाँडमध्ये बांधू लागले. तीच युक्ती आजही चालते.

खर्चाचा हिशेब असा. २३० × ११० × ७५ ची वीट आणि १० मिलिमीटरचा सांधा धरला तर नऊ इंची भिंतीला चौरस मीटरमागे ९८ विटा लागतात, दीड विटेच्या (३५० मिलिमीटर) भिंतीला १४७. बाँड कोणताही असो, हा आकडा बदलत नाही. बाहेरून दिसणाऱ्या विटा मात्र बदलतात: इंग्लिश बाँडमध्ये चौरस मीटरला सुमारे ७४, फ्लेमिशमध्ये सुमारे ६५. निवडलेली, कडा शाबूत असलेली वीट महाग पडते, म्हणून हा फरक पुरेसा आहे. तरीही गवंड्याचा हात बसलेला नसेल तर इंग्लिशच घ्या. फ्लेमिशमध्ये हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. वीस मिलिमीटरची चूकही लांबून दिसते.

सगळ्यात जास्त घोटाळा कोपऱ्यावर होतो. हेडरच्या थरात कोपऱ्याला पूर्ण हेडर लावायचा आणि त्याच्या शेजारी लांबीत उभी चिरलेली वीट, म्हणजे क्वीन क्लोजर, बसवायची. घाईत हा क्लोजर कोपऱ्यालाच लावतात. तो चिंचोळा तुकडा थोड्याच काळात निसटतो. क्लोजर हातोडीने फोडू नका, ग्राइंडरने कापा.

काम सुरू करण्यापूर्वी गेज पट्टी करून घ्या: सरळ लाकडी पट्टीवर दर ८५ मिलिमीटरला खूण. वीट ७५, सांधा १०. खिडकीची उंबरठी ११ थरांवर, म्हणजे ९३५ मिलिमीटरला, आणि दारा-खिडकीची वरची पातळी २५ थरांवर, म्हणजे २,१२५ ला. आडव्या मापात १२० चे गणित: उघडी जागा १२० च्या पटीत अधिक १०, दोन खिडक्यांमधला खांब १२० च्या पटीत उणे १०. म्हणजे खिडकी १,२१०, खांब ९५०. नकाशा ९०० आणि १,२०० अशा गोल आकड्यांत काढला तर प्रत्येक खिडकीशेजारी वीट तासत बसावे लागते. हे आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगा.

भिंतीची जाडी

ठाण्याच्या पावसात नऊ इंची उघडी भिंत पश्चिमेला आणि नैऋत्येला ओल आत आणते. यावर कितीही रसायन लावले तरी थोडी वर्षेच निभावते. दोन मार्ग आहेत. पहिला, दीड विटेची भिंत. दुसरा, पोकळ भिंत: बाहेर साडेचार इंच, मधे ५० मिलिमीटर पोकळी, आत ब्लॉक किंवा वीट. पोकळीच्या दोन बाजूंच्या भिंतींना, म्हणजे पापुद्र्यांना, स्टेनलेस स्टीलच्या टायने (जोडपट्टीने) जोडायचे. आडवे ९०० आणि उभे ४५० मिलिमीटर अंतर, एकाआड एक सरकवून, म्हणजे चौरस मीटरला अडीच. खाली डीपीसीच्या वरच्या थरात दर मीटरला एक उभा सांधा मसाला न भरता रिकामा सोडायचा, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर येते. चूक इथेच होते: बांधताना पडलेला मसाला पोकळीच्या तळाशी साचतो आणि पाणी त्यावरून पुलासारखे आत जाते. पोकळीत टायवर लाकडी फळी ठेवून दर काही थरांनी वर ओढली तर मसाला तिच्यावर पडतो. शिवाय पोकळ भिंतीत बाहेरचा पापुद्रा अर्ध्या विटेचा, त्यामुळे खरा इंग्लिश बाँड जमत नाही. अर्ध्या विटा मोडून हेडरचा देखावा करावा लागतो.

तळमजला आणि माळा एवढेच घर असेल तर दीड विटेची भिंत आम्हाला अधिक बरी वाटते. त्यात आणखी एक सोय आहे. ठाणे भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते, त्यामुळे विटेवर उभ्या घराला जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर आरसीसीचा सलग पट्टा हवाच, आणि त्यातल्या सळ्यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच घ्या. ३५० च्या भिंतीत हा पट्टा २३० रुंदीचा करून आतल्या बाजूला ठेवता येतो आणि बाहेरून ११० ची वीट फिरवता येते, म्हणजे दर्शनी भिंतीत काँक्रीट दिसत नाही. आरसीसी कॉलमच्या चौकटीत वीट भरून ‘इंग्लिश’ भिंत करायला गेलात तर कॉलम लपवता लपवता घर अर्धे क्लॅडिंगचे, म्हणजे वरून चिकटवलेल्या विटांचे, होते, आणि वीट-काँक्रीटच्या जोडावर उभी चीर जाते.

अंदाजासाठी: १० × ७ मीटरच्या घराच्या बाहेरच्या भिंती तीन मीटर उंच धरल्या तर १०२ चौरस मीटर, दारे-खिडक्यांचे १७ वजा केले की ८५ उरतात. १४७ ने गुणून साधारण १२,५०० विटा, दहा टक्के मोडतोड धरून पावणेचौदा हजार.

मसाला

मूळ घरे चुन्यात बांधलेली होती. पोर्टलँड सिमेंटचे पेटंटच १८२४ चे. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे भिंत किंचित हलली तर चीर सांध्यात पडते, विटेत नाही, आणि आतली ओल सांध्यातून बाहेर उडून जाते. आपल्याकडे मजबुतीच्या नावाखाली १:३ चा सिमेंट मसाला मारतात. तो कडक होताना आकसतो, विटेपासून केसाएवढा सुटतो आणि त्या फटीतून वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. त्याऐवजी एक भाग सिमेंट, एक भाग हायड्रेटेड चुना, सहा भाग वाळू घ्या. वरच्या ८५ चौरस मीटरला सिमेंटच्या साधारण ३२ ते ३५ गोण्या लागतील. माप घमेल्याने नको. ३५ लिटरचा लाकडी खोका करा, कारण सिमेंटची ५० किलोची गोणी तेवढीच भरते.

वाळू खाडीची असेल तर थांबा. तिच्यातले मीठ भिंतीवर लोणा होऊन बाहेर येते आणि सळ्याही गंजवते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या, पण धुतलेली. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती परत पाठवा. क्रश सँड खरबरीत असते, म्हणून मसाल्यातला चुना इथे दुप्पट उपयोगी पडतो: थापीवरून मसाला सुटा पडत नाही.

वीट बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, मग पाणी निथळू द्या. विटेवरचा खळगा वर ठेवा, म्हणजे तो मसाल्याने पूर्ण भरतो. उभे सांधेही भरलेच पाहिजेत. गवंडी विटेच्या कडेला दोन बोटे मसाला लावून पुढे सरकतो आणि मधे पोकळी राहते. भिंत दिवसाला एक मीटरहून जास्त चढवू नका आणि सात दिवस पाणी मारा.

सांधा कोणता ठेवायचा हा सौंदर्याचा प्रश्न वाटतो, पण तसा नाही. सांधा आत खोल दाबून विटेची कड मोकळी ठेवली की सावली छान पडते आणि प्रत्येक विटेवर पाणी थांबते. ठाण्यात ते नकोच. मसाला अंगठ्याने दाबल्यावर ठसा उमटतो पण चिकटत नाही, तेव्हा गोल सळईने किंचित अंतर्वक्र दाबा. त्या दाबाने वरचा थर घट्ट होतो. दर्जा (सांध्यांच्या बाहेरच्या कडा) नंतर भरायच्या असतील तर मसाला ओला असतानाच १२ मिलिमीटर खरवडून ठेवा. वाळल्यावर छिन्नीने खोदायला गेलात तर विटांच्या कडा जातात.

कमान

१.२ मीटरच्या खिडकीवर १५० मिलिमीटर उंचीची बसकी कमान घ्या. सेंटरिंगची (कमानीखालच्या तात्पुरत्या आधाराची) त्रिज्या १.२७५ मीटर येते. एकाच उभ्या नऊ इंची विटेची कमान केली तर खालच्या कडेला १५ विटा बसतात आणि सांधा ८ मिलिमीटर राहतो, पण वरच्या कडेला तोच २३ होतो. मसाल्याचे पाचर लांबून दिसते. म्हणून ११० मिलिमीटरची दोन कडी (एकावर एक कमानीचे दोन थर) करा, खाली १५ विटा, वर १६. खालच्या कड्यात वरचा सांधा १५-१६ मिलिमीटरवर थांबतो. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढत मधली वीट शेवटी बसवा. सेंटरिंग सात दिवस तरी काढू नका.

जोते, छप्पर, धुराडे

जोते काळ्या दगडाचे करा आणि जमिनीपासून ४५० मिलिमीटर वर घ्या, कारण पागोळ्यांचे उडालेले चिखलपाणी भिंतीवर फूटभर सहज चढते. डीपीसी ४० मिलिमीटर काँक्रीटची, वर बिटुमेन, आणि ती भिंतीच्या बाहेरच्या तोंडापर्यंत आणा. एक इंच आत थांबवली तर तेवढ्या पट्टीतून ओल वर सरकते.

इंग्लिश छपराला कडेला जेमतेम हातभर पुढावाही नसतो आणि बाजूच्या त्रिकोणी भिंती पुष्कळदा छपराच्या वर निघालेल्या असतात. हे दोन्ही सोडा. पागोळ्यांच्या बाजूने ७५० मिलिमीटर आणि त्रिकोणी भिंतींवर ३०० मिलिमीटर छप्पर बाहेर काढा. ते उंच दिसावे म्हणून उतार ३५ ते ४० अंश ठेवा. मंगलोरी कौल या उतारावर प्रत्येक तारेने बांधावे लागते. इंग्लंडातल्या चपट्या कौलाचे १०½ × ६¼ इंच हे माप १४७७ च्या कायद्यातून आले आणि आजही जवळपास तेच आहे; त्याचा नाद मात्र करू नका, चौरस मीटरला ६० कौले लागतात, मंगलोरी पंधरा-सोळा.

धुराडे हवेच असेल तर मधोमध, आढ्यातून वर काढा. आढ्यावर वरून पाणी वाहत येत नाही, उतारात काढलेल्या धुराड्यामागे मात्र ते तुंबते. चूल नसली तरी ते वाया जात नाही: आतून पोकळ ठेवून वर झडपा आणि जाळी लावली की माळ्यावरची गरम हवा त्यातून निघते.

शेवटची कामे

खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून किमान १०० मिलिमीटर आत बसवा. उंबरठी कडप्प्याची, बाहेर उतार असलेली, भिंतीपुढे ५० मिलिमीटर निघालेली आणि खालून १० मिलिमीटरची खाच काढलेली, म्हणजे थेंब तिथेच तुटतो. विटेची उंबरठी सुंदर दिसते, पण तिच्या सांध्यांतून पाणी उतरते. हवीच असेल तर खाली बिटुमेनचा पत्रा घाला.

परांची भिंतीत भोके न पाडता दोन्ही पाय जमिनीवर टेकलेली घ्या. एसीचे पाईप, गीझरचा निचरा, बाहेरचे दिवे यांच्या जागा बांधतानाच पाईप घालून ठेवा. नंतर ड्रिल मारलेली उघडी वीट पूर्ववत होत नाही. भिंत पूर्ण झाल्यावर ‘ॲसिड वॉश’ करू देऊ नका. मसाल्याचे डाग कोरड्या ब्रशने आणि लाकडी पट्टीने निघतात. ॲसिड चुना खाते आणि विटेत क्षार सोडते. पहिल्या वर्षी थोडी पांढरी भुकटी येतेच, ती पाण्याने न धुता कोरडी झाडा. पाणी रोखणारे रसायन लावायचेच असेल तर सिलेन-सिलोक्सेनचे, पहिला पावसाळा गेल्यावर, भिंत पूर्ण वाळल्यावर. चकाकणारे वार्निश नको. ते ओल आत कोंडते आणि मग विटेचे तोंडच पापुद्र्याने सुटते.